नस साफ आहे म्हणून गोळी बंद?

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या ४७ वर्षांच्या, यजमान ४९ वर्षांचे. घरी कापूस-मक्याची शेती आणि खत-बियाण्यांचं दुकान. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी दोघांनी जळगावला जाऊन तपासण्या केल्या. नवरा-बायकोचं एकत्र पॅकेज होतं: रक्त, ईसीजी आणि मानेच्या नसांची सोनोग्राफी. यजमानांचं, गोळी सुरू होण्याआधीचं, एकूण कोलेस्टेरॉल २५६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. त्यांचे वडील ५१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मात्र मानेचा रिपोर्ट चांगला आला: भिंतीची जाडी ०.७ मि.मी., प्लाक (भिंतीत साचलेला चरबीचा थर) नाही. त्याच दिवसापासून त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. "मन्ही नस साफ शे, आते गोळी कसाले?" असं त्यांचं म्हणणं. गोळीने पायात गोळे येतात, ही तक्रार आधीपासून होतीच.

ताईंचं एकूण कोलेस्टेरॉल २०३, एलडीएल १२४, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १९०. त्यांना आठ वर्षांपासून बीपी आहे, गोळी डोकं दुखेल तेव्हा घेतात. लग्नापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. त्यांच्या रिपोर्टात मात्र डाव्या बाजूला १.८ मि.मी.चा प्लाक निघाला. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला हार्टचं काही नसतं, मशीन चुकलं असेल. नणंद म्हणते, ऑपरेशन लागेल. ताई विचारतात: ह्यांचं कोलेस्टेरॉल जास्त तरी नस साफ, माझं कमी तरी गाठ, असं कसं? नाशिकला जाऊन पुन्हा करू का? २३ वर्षांच्या मुलाचीही करायची का? आणि श्रावणातल्या उपवासांना गोळ्या चालतात का?

ताई, दोन्ही रिपोर्टांचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत.

आधी मशीनचं बघू. ते चुकलेलं नसावं. दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी खरे असू शकतात, आणि मला तरी ते खरेच वाटतात. पण पत्र वाचताना एक गोष्ट खटकली, ती आधी बोलून टाकते. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच डॉक्टरांनी तुम्हा दोघांच्या माना तपासल्या. तुमच्या यजमानांचा, म्हणजे भाऊंचा, चांगला रिपोर्ट घरात सगळ्यांनी लगेच मानला, इतका की त्याच्या भरवशावर चालू औषध बंद झालं. तुमचा वाईट निघाला तेव्हा मात्र मशीन बिघडलं! शंकाच घ्यायची तर दोघांच्याही रिपोर्टवर घ्या. मानायचं तर दोन्ही माना.

मानायचं म्हणजे नेमकं काय, ते कळायला ही तपासणी काय बघते ते कळलं पाहिजे. तुम्ही टेबलावर झोपला होतात, खांद्याखाली उशी, मान एका बाजूला वळवलेली, वर गार जेल. डॉक्टर जी चपटी दांडी फिरवत होते तिच्यातून ध्वनिलहरी आत जातात आणि परततात. एक्स-रेसारखे किरण नाहीत, सुई नाही. पडद्यावर मानेतली मोठी धमनी आडवी दिसते. मधला काळा पट्टा म्हणजे वाहतं रक्त. त्याच्या खालच्या काठाला दोन बारीक पांढऱ्या रेघा समांतर जातात आणि त्यांच्यामध्ये काळसर फट असते. पहिल्या रेघेच्या काठापासून दुसरीच्या काठापर्यंत मोजलं की धमनीच्या आतल्या दोन थरांची जाडी मिळते. रिपोर्टात 'आयएमटी' म्हणून लिहिलेला आकडा तो हाच. जिवंत माणसाच्या धमनीची भिंत अशी पडद्यावर मोजता येते हे मिलानच्या पिग्नोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलं. कोलेस्टेरॉल बिघडलेल्या लोकांच्या धमन्यांत पुढे काय होतं, ते वर्षानुवर्षं पाहत राहण्याची सोय तिथून झाली.

कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास ही धमनी दोन फांद्यांत फुटते. एक मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे. फाट्यापाशी ती थोडी फुगीर असते. तिथे रक्त सरळ न वाहता भिंतीलगत रेंगाळतं, आणि बहुतेकांच्या मानेत चरबीचा थर पहिल्यांदा धरतो तो इथेच. तुमचा १.८ मि.मी.चा उंचवटा नेमका त्याच जागी आहे. भिंत १.५ मि.मी.हून जाड झालेली असली, किंवा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा अर्धा मि.मी. आत आलेला उंचवटा असला, तर त्याला प्लाक म्हणायचं, असं तज्ज्ञांचं ठरलेलं आहे. तुमचा त्यात बसतो. गाठ म्हटलं की आपल्याकडे लगेच कॅन्सर आठवतो. ही तसली गाठ नव्हे.

तुम्ही लिहिलंय, "ठिबकच्या नळीत क्षार साचतो तसंच ना हे?" केळीवाल्या-कापूसवाल्या कुणालाही हीच उपमा सुचेल, पण ती अर्धीच लागू पडते. ठिबकमध्ये क्षार पोकळीत बसतो आणि ॲसिड सोडलं की नळी मोकळी होते. धमनीत कोलेस्टेरॉल पोकळीत बसत नाही, भिंतीच्या थरांत शिरतं आणि तिथे मुरतं. सुरुवातीला भिंत बाहेरच्या अंगाला फुगते आणि आतली वाट तशीच मोकळी राहते. शिकागोच्या ग्लॅगॉव यांनी १९८७ साली हृदयाच्या धमन्यांवर हे दाखवलं: साठा सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत वाट अरुंद होत नाही. म्हणजे 'रक्तप्रवाह नॉर्मल' एवढ्यावर भिंत निरोगी ठरत नाही. आणि लसूण-आलं-लिंबाचा जो काढा व्हॉट्सॲपवर 'नसा धुऊन काढतो', त्याला धुवायला पोकळीत काही नसतंच.

आता भाऊंचं. ०.७ मि.मी. हा त्यांच्या वयाला साधारण आकडा आहे आणि प्लाक नाही ही चांगलीच बातमी आहे. पण ती किती मोठी? मानेच्या ज्या चार बोटं लांबीवर दांडी फिरली तिथे आज काही साचलेलं दिसलं नाही, एवढी. त्यांच्या वडिलांना जिने नेलं ती धमनी हृदयाची होती. हृदयाच्या धमन्या बारीक, सतत हलणाऱ्या आणि फासळ्यांमागे लपलेल्या. मानेसारख्या त्या या दांडीने तपासता येत नाहीत. माद्रिदमध्ये ४० ते ५४ वयाच्या, कसलाही त्रास नसलेल्या ४,००० हून जास्त बँक कर्मचाऱ्यांच्या धमन्या जागोजागी तपासल्या गेल्या. २०१५ साली आलेल्या त्या अहवालात ६३ टक्के लोकांच्या कुठल्या ना कुठल्या धमनीत साठा सापडला. सर्वांत जास्त, ४४ टक्के लोकांत, तो ओटीपोट आणि जांघेच्या धमन्यांत होता. मानेत होता ३१ टक्के लोकांत. मान साफ पण जांघेत साठा, अशी माणसं तिथे पुष्कळ निघाली. भाऊंचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण "नस साफ" हे शरीरभराच्या नसांचं प्रमाणपत्र नाही, एवढं त्यांना सांगा.

दुसरं म्हणजे, कोलेस्टेरॉलचं नुकसान वर्षांच्या हिशेबात होतं. १७८ चं एलडीएल दहा वर्षं फिरलं आणि तीस वर्षं फिरलं, यात फार फरक आहे. भाऊंचं किती वर्षांपासून इतकं आहे ते कुणालाच माहीत नाही, कारण त्याआधी कधी तपासलंच नव्हतं. गोळी प्रामुख्याने पुढचं साचणं रोखायला असते. म्हणजे साचलेलं काही दिसत नाही, हीच ती घ्यायची उत्तम वेळ. ती बंद केल्यावर एलडीएल काही आठवड्यांत जुन्या जागी येतं. म्हणजे आखाजीनंतर एव्हाना ते परत १७८ च्या घरात असणार. खात्री करायची असेल तर एकदा फक्त रक्त तपासून त्यांच्यासमोर ठेवा.

हा काही माझा एकटीचा आग्रह नाही. निव्वळ भिंतीची जाडी मोजून कुणाला औषध द्यायचं ते ठरवू नका, असं अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, आणि युरोपच्या २०२१ च्या सूचनांतही सरसकट ही मोजणी नको असंच आहे. वय, बीपी, तंबाखू, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरून धोक्याचा जो हिशेब निघतो, त्यात जाडीचा आकडा मिसळून फारशी भर पडत नाही. शिवाय मोजणारा हात बदलला की आकडाही बदलतो. भिंत वाढते ती वर्षाला साधारण शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबाने, आणि दोन वेळच्या मोजणीतला फरक सहज त्याच्या कितीतरी पट निघतो. म्हणून दर सहा महिन्यांनी 'जाडी कमी झाली का' बघायला जाणं म्हणजे पैसे उधळणं. अशी पॅकेजं विकणाऱ्यांना माझं हे वाक्य आवडणार नाही, पण नाइलाज आहे.

प्लाकची गोष्ट वेगळी, आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची. त्याच युरोपीय सूचनांत असंही आहे की मानेत प्लाक दिसला तर माणसाचा धोका हिशेबापेक्षा जास्त धरावा. सापडलं तर त्याला वजन आहे. सापडलं नाही म्हणून बाकीचा धोका पुसला जात नाही. ज्यांच्या हातात कोलेस्टेरॉलचा बिघडलेला रिपोर्ट आहे आणि जे 'आधी मानेची सोनोग्राफी करू, मग गोळीचं बघू' म्हणतायत, त्या सगळ्यांना हे लागू आहे.

मग ही तपासणी करायचीच नाही का? असं नाही. औषध सुरू करावं की थांबावं, अशा काठावरच्या माणसाला ती उपयोगी पडू शकते. त्यासाठी हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन जास्त भरवशाचा मानतात. तो शक्य नसेल तेव्हा मानेतला प्लाक बघतात. पण एलडीएल १७८, एचडीएल ३६ आणि वडील ५१ व्या वर्षी अटॅकने गेलेले, हा माणूस काठावरचा नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीविनाच गोळी दिली होती, ती योग्यच होती.

स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला. तीन हजारांवर लोकांच्या मानेची सोनोग्राफी केली आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांच्याच धमनीचं चित्र रंग लावून घरी पाठवलं, वर नर्सने फोन करून समजावून सांगितलं. उरलेल्यांना नुसता नेहमीचा सल्ला. वर्षभराने चित्र मिळालेल्यांचा हृदयविकाराचा धोका दुसऱ्यांपेक्षा कमी भरला. २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. डोळ्यांनी दिसलं की माणूस हलतो. तुमच्या घरात दोन चित्रं आली. एकाने भाऊंना गोळी सोडायला लावली, दुसऱ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. फरक मला त्या फोनमध्ये दिसतो. तुम्हाला पाकीट हातात मिळालं, अर्थ लावून सांगायला कुणी बसलं नाही, आणि मग अर्थ लावला सासूबाईंनी आणि नणंदेने.

पायातल्या गोळ्यांचं खोटं म्हणून उडवून लावू नका. त्रास त्यांना होतोय. पण तो गोळीमुळेच आहे का, हे तपासता येतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी, त्रासामुळे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची हीच गोळी, सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. कुठली कधी ते त्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास जाणवला, त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीवरही जाणवला. हे २०२० सालचं. तरी थोड्या लोकांना स्नायूंचा खरा त्रास होतो. त्यासाठी रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) बघतात, डोस कमी करतात, एक दिवसाआड देतात किंवा औषध बदलतात. आता स्टॅटिनखेरीज दुसरी औषधंही आहेत. अंग फार दुखून लघवी चहासारखी झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. एरवी "सहन होत नाही" हे डॉक्टरांना सांगायचं, परस्पर बंद करायचं नाही.

आता तुमचं. सासूबाईंचं म्हणणं मी धुळ्यातही रोज ऐकते. पाळी चालू असेपर्यंत बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा उशिरा गाठतो, हे खरं. पण हे संरक्षण उशीर करतं, सुटका करत नाही. बीपी आणि तंबाखू असली की तेही लवकर संपतं.

"माझं कोलेस्टेरॉल कमी" हे तुमचं पहिलं गृहीत. भाऊंच्या शेजारी १२४ कमी दिसतं खरं. पण भारतीय हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली सांगितलेल्या मर्यादा बघा: फारसा धोका नसलेल्यांचं एलडीएल १०० च्या आत, आणि मधुमेह किंवा बीपीसारखा धोका असलेल्यांचं ७० च्या आत. बीपी आहे, वर प्लाक आहे. तुमची तुलना भाऊंच्या १७८ शी नाही, या ७० शी आहे. रिपोर्टाच्या कागदावर १२४ समोर लाल खूण नव्हती, कारण लॅबच्या कागदाला तुमचं बीपी ठाऊक नसतं.

आणि धमनी फक्त कोलेस्टेरॉलने बिघडत नाही. आठ वर्षं वाढलेला दाब भिंतीवर आदळत राहिला तर आतलं अस्तर कमकुवत होतं आणि कोलेस्टेरॉल मग कमी असूनही आत शिरतं. बीपीची गोळी डोकं दुखेल तेव्हा घ्यायची नसते. बहुतेकांचं डोकं बीपी वाढल्यावर दुखतच नाही. रोजची ती रोज, ठरलेल्या वेळी.

मिश्रीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, जणू ती दात घासायची पूडच. ओट्यावर चार जणी बसून डबी फिरवतात, बोटाने हिरडीला लावतात, गप्पा होतात. तिला कुणी व्यसन म्हणत नाही आणि पुरुषांच्या बिडीसारखी ती कुणाच्या डोळ्यावरही येत नाही. पण ती तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं, नाडी आणि बीपी चढतं. सकाळी उठल्या उठल्या मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तेही निकोटिनचंच काम. एकदम सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकं जड, बद्धकोष्ठ होईल, मग ओसरतं. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी टोल-फ्री नंबर आहे, १८००-११-२३५६. ओट्यावरच्या आणखी एकीला सोबत घेतलंत तर सोपं जाईल. तुमच्या रिपोर्टात कुठल्याही औषधाइतकाच फरक पाडणारी ही गोष्ट आहे, म्हणून एवढं लांबवलं.

ऑपरेशन? नाही. मानेच्या धमनीवर ऑपरेशनचा विचार होतो तो वाट खूपच अरुंद झाली असेल तर. काहीही त्रास नसताना साधारण ६०-७० टक्क्यांच्या पुढे, आणि तेव्हाही सगळ्यांचं करत नाहीत. तुमच्या रिपोर्टात रक्ताचा वेग सेकंदाला ७८ सें.मी. आहे. वाट निम्म्याहून जास्त अरुंद झाली की हा वेग साधारण १२५ च्या वर जातो. नणंदेला हा आकडा दाखवा. तुम्हाला लागणार आहे ते औषध: बीपीचं नियमित, आणि बहुधा स्टॅटिन. ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पाळी अजून चालू असेल तर तसं सांगा. रक्त पातळ करायची ॲस्पिरिन मात्र शेजारच्या कुणाचं बघून सुरू करू नका. तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि एवढ्या प्लाकला ती द्यायची की नाही हे माणसागणिक ठरतं.

नाशिकला पुन्हा सोनोग्राफी नको. दुसऱ्या हाताने १.८ चं १.६ मोजलं काय किंवा २ मोजलं काय, करायचं तेच आहे. त्या पैशांत दंडाला पट्टा गुंडाळायचं बीपीचं मशीन घ्या. दोघांनी सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री बीपी मोजून वहीत लिहा. उरलेल्या पैशांत तीन तपासण्या: दोघांचं एचबीए१सी, कारण दोघांचेही ट्रायग्लिसराइड वाढलेले आहेत आणि साखर चोरपावलांनी येते, तुमचं टीएसएच, कारण थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल चढतं, आणि भाऊंचं लायपोप्रोटीन-ए. हे शेवटचं आई-वडिलांकडून येतं, आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असलं तर वडिलांचा अटॅक कुठून आला असावा त्याचा एक धागा हाती लागतो. सगळे कागद एकाच फाइलीत घालून दोघांनी एकत्र डॉक्टरांकडे जा. त्यांना 'रिपोर्ट कसा आहे?' विचारू नका. 'आमचा एकूण धोका किती, आणि आमचं एलडीएल किती खाली हवं?' असं विचारा. भाऊंना तुमच्याकडून ऐकायचं नसेल तर डॉक्टरांकडून ऐकू द्या. घरात रोज गोळीवरून वाद घातलात तर गोळी हा मानाचा प्रश्न होऊन बसेल, आणि खान्देशातल्या पुरुषाच्या मानाला स्टॅटिन लागू पडत नाही.

मुलाची मानेची सोनोग्राफी नको. तेविसाव्या वर्षी ती साफच येणार, आणि आणखी एक जण 'नस साफ शे' म्हणत फिरेल. रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र आत्ता तपासा. आजोबांना एक्कावन्नाव्या वर्षी अटॅक आणि वडिलांचं १७८, एवढं कारण पुरेसं आहे. त्याचं एलडीएल १९० च्या आसपास किंवा वर निघालं तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो, आणि मग भाऊंच्या भावंडांनाही तपासायला लागेल.

खाण्याचं थोडक्यात. घरचं शेंगदाणा तेल हा गुन्हेगार नाही, प्रमाण सांभाळा. दुकानातली शेव आणि फरसाण बहुधा पामतेलातलं असतं, तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असतं, आणि शेवभाजीवरची बोटभर तर्री वेगळीच. आठवड्यातून कितीदा ती खातो हे भाऊंनी खरं सांगितलं तर अर्धं काम होईल. वरण-बट्टी असेल त्या दिवशी बट्टी तुपात बुडवू नका, वरून चमचाभर घ्या. कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, पालेभाज्या हे आपल्याकडे आहेच. भाऊंचे ट्रायग्लिसराइड २१० आहेत, तेव्हा दारू आणि दुकानातला दिवसभराचा गोड चहा याबद्दलही विचारते. तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना पाठ हवी. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय गळून जाणं, बोबडं बोलणं, एका डोळ्याची नजर जाणं, यांतलं काहीही झालं, पाच मिनिटांत बरं झालं तरी, १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात जायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. पारोळ्याहून जळगाव आणि धुळे दोन्ही गाठता येतात. रात्री कुठे सीटी चालू असतो हे आजच चौकशी करून ठेवा. भाऊंच्या छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

आणि उपवासाचं. श्रावणी सोमवार असो, कानबाई असो, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी पाण्यासोबत घ्यायची. भाऊंची रोसुव्हास्टॅटिन दिवसात कधीही चालते, जेवणाआधी किंवा नंतर. ती तुमच्या बीपीच्या गोळीच्या वेळीच, सकाळी दुकान उघडायला जायच्या आधी ठेवलीत तर दोघांच्याही लक्षात राहील. निर्जळ उपवास मात्र करू नका. आणि दिवसभर साबुदाणा, वेफर्स आणि तळलेले शेंगदाणे खाऊन उपवास केला, तर ट्रायग्लिसराइडच्या दृष्टीने त्या दिवशी नेहमीची भाकरी-भाजी जास्त बरी होती असं म्हणावं लागेल. भगर आणि ताक घ्या.